परकी गाठ

रजनी फिरकेच्या गळ्यात आठ गाठी होत्या, आणि त्यांतल्या एका गाठीतल्या पेशी पुरुषाच्या निघाल्या.

जळगावच्या ग्रंथी केंद्रात डॉ. नाझनीन तडवींनी हे सांगितलं तेव्हा रजनीला वाटलं, नमुन्यांची अदलाबदल झाली असणार. ती स्वतः रावेरजवळ केळीची टिश्यू कल्चर रोपं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत सुपरवायझर होती. बाटलीवरची चिठ्ठी चुकली की पुढे कसा गोंधळ होतो, हे तिने पाहिलेलं होतं.

"मॅडम, पुन्हा एकदा बघा," ती म्हणाली.

"पुन्हा बघूनच तुम्हाला बोलावलंय, ताई."

शेजारी बसलेल्या ईश्वरीने, तिच्या मुलीने, आईचा हात धरला. आईला इथवर आणायलाच तिला वर्ष लागलं होतं. गलगंड काही एका दिवसात आला नव्हता. आधी ब्लाउजचा गळा आवळायला लागला, मग भाकरीचा घास घोटभर पाण्याशिवाय उतरेना, आणि आता उताणं झोपलं की श्वासाची शिट्टी वाजायची. रजनी म्हणायची, वयाने होतं. खरं म्हणजे मुलगा गेल्यापासून स्वतःच्या शरीराकडे बघणंच तिने सोडून दिलं होतं.

थायरॉइड ग्रंथी श्वासनळीला बिलगून असते. शरीराची चूल किती मोठी ठेवायची, हे तिचं संप्रेरक ठरवतं. ते कमी पडायला लागलं की मेंदू तिला हुकूम सोडतो, अजून कर. वर्षानुवर्षं असे हुकूम येत राहिले की ग्रंथी फुगते, पण सगळीकडून सारखी नाही. काही पेशी हुकूम जास्त मनावर घेतात, त्यांची पिलावळ वाढत जाते आणि एकेका पिलावळीची एकेक गाठ बनते. पूर्वी असा गलगंड श्वास अडवायला लागला की अख्खी ग्रंथी कापून काढत. आता पेशीवाचक यंत्र आलं होतं. बारीक सुईने प्रत्येक गाठीतल्या थोड्या पेशी काढायच्या, यंत्राने त्यांची जनुकीय खूण वाचायची, आणि त्या खुणेवर नेम धरणारं औषध त्या एका माणसापुरतं तयार करायचं. ते शिरेतून सोडलं की खुणेच्या पेशी मरत, बाकीच्यांना धक्का लागत नसे. लोक त्याला नेमाचं औषध म्हणत. रजनीच्या सात गाठींच्या खुणा एकमेकींच्या बहिणी शोभाव्यात अशा होत्या. आठवी परकी होती.

"तुम्हाला कधी रक्त चढवलं होतं?" डॉक्टरांनी विचारलं. "किंवा तुम्हाला मोठा भाऊ?"

"नाही."

"मुलगा?"

ईश्वरीनेच उत्तर दिलं. "होता. निहार. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा."

डॉ. तडवींनी खुर्ची पुढे ओढली. बाळ पोटात असताना त्याच्या काही पेशी वारेतून आईच्या रक्तात उतरतात, त्यांनी सांगितलं. बाळंतपण झालं तरी त्यांतल्या काही जात नाहीत. त्या कुठेतरी रुजतात, हृदयात, यकृतात, थायरॉइडमध्ये, आणि जिथे रुजतात तिथलं काम शिकतात. "ही गाठ तशी असू शकते. ती निरोगी आहे, चांगलं काम करतेय. खरं सांगायचं तर तुमच्या ग्रंथीचा सगळ्यात कामसू भाग तोच आहे. पण औषध बनवण्याआधी मला खात्री हवी. त्यासाठी वडिलांचं रक्त लागेल."

रजनीने मान दुसरीकडे वळवली.

निहार एकोणिसाव्या वर्षी गेला, उन्हाने. पोलीस भरतीसाठी पाटाच्या रस्त्यावर पळण्याचा सराव चालायचा आणि त्याचे वडील, प्रदीप, घड्याळ लावून उभे असायचे. त्या वर्षी मे महिन्यात पारा एकोणपन्नासच्या पुढे गेला होता. आता रावेरला सकाळी आठ वाजता उन्हाचा भोंगा होतो आणि रस्ते ओस पडतात. तेव्हा भोंगा नव्हता. दवाखान्यात प्रदीप काहीतरी सांगायला लागला तेव्हा रजनी म्हणाली होती, "मला काही ऐकायचं नाही." त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही. तेराव्यानंतर तो सावद्याला भावाच्या मळ्यात राहायला गेला. त्याला सहा वर्षं झाली होती.

सावद्याला ईश्वरीच गेली. प्रदीप ठिबकच्या नळ्या गुंडाळत होता. तिने सगळं सांगितलं. त्याने शेवटपर्यंत ऐकलं, हात पुसले आणि विचारलं, "तिने पाठवलं तुला?"

"तिने नको म्हटलं नाही, पप्पा."

"चल मग," तो म्हणाला आणि चप्पल बदलायलाही थांबला नाही.

आठवड्याने उत्तर आलं. पेशींतला अर्धा वाटा रजनीचा, अर्धा प्रदीपचा. गाठ निहारची होती.

त्या संध्याकाळी प्रदीप रावेरच्या घरी आला आणि उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. रजनीने दार उघडलं. दोघंही म्हातारे दिसत होते आणि दोघांनाही ते एकदमच दिसलं.

"मला फक्त एकदा हात लावून बघू दे," तो म्हणाला. "मग जातो."

ती खुर्चीत बसली आणि मान मागे टेकवली. डाव्या बाजूला खाली, डॉक्टरांनी दाखवलेल्या जागी, तिने त्याचं बोट नेऊन ठेवलं. "आवंढा गिळला की वर सरकते," ती म्हणाली आणि गिळली. प्रदीपच्या बोटाखाली सुपारीएवढं काहीतरी वर गेलं आणि परत जागेवर आलं. तो तिथेच खाली बसला. ईश्वरी स्वयंपाकघरात निघून गेली.

तो परत सावद्याला गेला नाही.

नेमाचं औषध दिल्यावर महिनाभरात सात गाठी विरघळल्या. रजनीचा गळा खाली बसला, शिट्टी थांबली. आठवी गाठ ठेवली होती.

"बाकी सगळी ग्रंथी त्या सात गाठींतच संपली होती, आता एवढाच तुकडा काम करणार," डॉ. तडवींनी बजावलं. "एकट्याला ते झेपायचं नाही. म्हणून रोज सकाळी ही गोळी. गोळीतून संप्रेरक मिळालं की मेंदू हुकूम सोडत नाही, तुकड्याला विश्रांती मिळते. काम नसलं की तो हळूहळू आक्रसतोही. घाबरायचं नाही, ते चांगलंच."

रजनीने विचारलं, "मॅडम, आमच्याकडे केळीच्या कंदाचा एवढासा तुकडा घेतो आम्ही. त्यातून हजारो झाडं उभी राहतात. तसं..."

"माणसाचं तसं होत नाही, ताई. तो गळ्यातला तुकडा आहे. त्याला तेवढंच येतं."

"बरं," रजनी म्हणाली.

परत येताना बसमध्ये ईश्वरी खिडकीबाहेर बघत होती. मग म्हणाली, "माझ्याही असतील ना तुझ्यात?"

"काय?"

"पेशी. मी विचारलं मॅडमना. म्हणाल्या, असतीलच, पण मुलीच्या असल्या की आईच्या पेशींतून वेगळ्या ओळखायला अवघड. कुणी मुद्दाम शोधतही नाही."

"असतील गं," रजनी म्हणाली. तिचा हात गळ्यावर होता.

पुढचं वर्ष त्या घरात गेल्या कित्येक वर्षांत नव्हतं इतकं बरं गेलं. प्रदीप सकाळी भाजी आणायचा, रजनी डबा घेऊन प्रयोगशाळेत जायची, संध्याकाळी दोघं अंगणात बसायचे. बोलायचे ते निहारबद्दलच. तो कुठल्या वर्गात असताना काय म्हणाला, कोणत्या लग्नात हरवला होता. त्याच्या शेवटच्या दिवसाबद्दल मात्र कुणी बोलायचं नाही. मार्चपासून रजनी गळ्याला ओला पंचा गुंडाळून बाहेर पडायची. मंगळसूत्र तिने काढून ठेवलं, त्याला टोचेल म्हणून. निहारला शेवभाजी आवडायची म्हणून आठवड्यातून दोनदा शेवभाजी व्हायची. ईश्वरीला ती कधीच आवडली नव्हती. ती जळगावला सौर पंपांच्या कंपनीत नोकरीला होती, शनिवारी यायची, मुकाट्याने खायची. एका शनिवारी तिने आपल्या लग्नाचं काढलं, कंपनीतल्याच एका मुलाबद्दल. रजनी म्हणाली, "ऊन सरू दे, मग बघू." प्रदीप म्हणाला, "हो, ऊन सरू दे." विषय तिथेच थांबला.

आणि गोळ्या रजनी घेत नव्हती.

डॉक्टरांचा 'आक्रसतो' हा शब्द तिने घरी आणला होता. पहिल्या महिन्यात रोज तळहातावर गोळी घेऊन ती उभी राहायची. ही गिळली की त्याला काही काम उरणार नाही, मग तो सुकत जाणार. एका सकाळी तिने गोळी मोरीत टाकली. मग रोजच टाकायला लागली. थकवा यायचा, चेहरा सुजायचा, भर एप्रिलमध्ये पायांना थंडी वाजायची. तिला ते सोसत होतं. मग हळूहळू बरं वाटायला लागलं. त्याने काम वाढवलंय, हे तिला आतून कळलं आणि त्या दिवशी ती प्रयोगशाळेत सगळ्यांशी हसून बोलली. केंद्रातून तपासणीची बोलावणी यायची, तेव्हा आता सुट्टी नाही, असं ती कळवत राहिली. घरच्यांना सांगायची, सगळं ठीक आहे.

दिवाळीनंतर तिचा आवाज बसला. पंधरा दिवस झाले तरी उघडेना, तेव्हा ईश्वरीने तिला गाडीत घालून जळगावला नेलं. प्रदीपही बरोबर होता.

डॉ. तडवींनी सोनोग्राफी केली, सुई घातली, रक्त तपासलं. दुसऱ्या दिवशी तिघांना समोर बसवलं.

"गोळी कधीपासून बंद आहे?"

प्रदीप आणि ईश्वरी रजनीकडे बघायला लागले.

"तुमच्या रक्तात हुकूम इतका वाढलाय की मी असा आकडा वर्षानुवर्षं पाहिला नाही," डॉक्टर म्हणाल्या. "एवढासा तुकडा, आणि त्याच्यावर अख्ख्या शरीराचा भार. तो वाढत गेला. वाढता वाढता त्याच्या काही पेशी बिघडल्या. कर्करोग आहे, ताई. आवाजाच्या नसेला लागलाय. आता थांबून चालणार नाही. त्या खुणेचं औषध करून तो पूर्ण काढायला हवा."

"नाही," रजनी घोगऱ्या आवाजात म्हणाली.

"ताई..."

"तुम्ही म्हणालात निरोगी आहे. सगळ्यात कामसू आहे म्हणालात."

"होता."

घरी आल्यावर रजनी पलंगावर बसली आणि प्रदीपला म्हणाली, "तुम्ही सांगा काय करायचं ते."

तो दाराशी उभा होता. "मी नाही सांगणार."

"का?"

"तुला कुणीतरी सांगायला पाहिजे, म्हणजे नंतर तू त्याच्यावर टाकशील. एकदा टाकलंस, मी घेतलं. दुसऱ्यांदा माझ्याच्याने होणार नाही, रजनी."

"आपल्या पोराला मारा असं मी कसं म्हणू?"

"आई, दादा गेलाय," ईश्वरी म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "पप्पांनी त्याला उन्हात पळवलं म्हणून तू सहा वर्षं त्यांचं तोंड पाहिलं नाहीस. आणि तू काय केलंस? एवढ्याशा तुकड्याला वर्षभर एकटं पळवलंस. पळतोय म्हणून खूश होत होतीस."

प्रदीप म्हणाला, "ईश्वरी, पुरे."

"पुरे कसं? ती जाईल, पप्पा. आणि मी इथेच आहे. मला कुणी बघूनच नाही राहिलं."

ती बॅग उचलून बाहेर पडली. रजनी भिंतीकडे तोंड करून आडवी झाली. रात्री तिने जेवायला नको म्हटलं, सकाळी चहालाही. तिसऱ्या दिवशी उठली आणि कामावर गेली. केंद्रातून फोन यायचे, ती कापायची. प्रदीप विचारायचा नाही. तो फक्त तिच्यासमोर गोळी आणि पाणी ठेवायचा, आणि आता ती घ्यायची. असा सबंध हिवाळा गेला. ईश्वरी शनिवारी यायची थांबली.

जानेवारीच्या शेवटी खोकला सुरू झाला. डॉ. तडवींनी छातीचा स्कॅन केला. दोन्ही फुप्फुसांत बारीक ठिपके होते, ज्वारीच्या दाण्याएवढे.

"हे पण तोच?" रजनीने पडद्याकडे बघत विचारलं.

"हो."

"म्हणजे आता सगळीकडे झाला."

डॉक्टरांना ती काय म्हणतेय ते कळलं. त्यांनी पडदा बंद केला. "दिवाळीनंतर लगेच औषध घेतलं असतं तर एवढ्यावर आलं नसतं. आता औषध दिलं तरी हे ठिपके सगळे जातील की नाही, सांगता येत नाही. नाही दिलं तर काय होईल ते मात्र सांगता येतं."

"दिलं तर त्याच्या सगळ्या पेशी मरतील? कुठेही असल्या तरी?"

"औषध खूण बघतं, ताई. चांगली-वाईट बघत नाही. हृदयात एखादी असली, हाडात असली, तरी जाईल. सगळ्या जातील." मग त्या जरा अडखळत म्हणाल्या, "थोड्या पेशी काढून आम्ही गोठवून ठेवू शकतो. काही लोक ठेवतात."

"बाटलीत?"

"बाटलीच म्हणा."

रजनी नाही म्हणाली. आयुष्यभर तिने बाटल्याच सांभाळल्या होत्या. फळीवर ओळीने उभ्या, दिव्याखाली, आणि प्रत्येकीत काहीतरी जिवंत, ज्याला कधी जमीन लागलेली नाही. तिथे त्याला ठेवायचं नव्हतं.

"करा औषध," ती म्हणाली. "मी सांगतेय. माझ्या नवऱ्याला विचारू नका."

मार्चमध्ये औषध तयार झालं, त्या दिवशी प्रदीप बरोबर होता. ईश्वरी परस्पर आली आणि आईच्या उशाशी उभी राहिली. सलाइनच्या बाटलीएवढीच बाटली होती, आत पाण्यासारखं पातळ. ते थेंबथेंब उतरायला दुपार गेली. रजनी डोळे मिटून पडली होती. एकदा तिने हात उचलला, गळ्यापर्यंत नेला आणि खाली ठेवला.

मेलेल्या पेशी शरीर हळूहळू बाहेर टाकतं, तोवर दहा-बारा दिवस ताप राहील, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. ताप आला. ईश्वरी सुट्टी टाकून राहिली. प्रदीपने या दिवसांत दाढी केली नाही, देवाजवळ दिवा लावला नाही, आणि का ते कुणी विचारलं नाही. गाठ रोज लहान होत होती. शेवटी बोटाला काही लागेना, तेव्हा रजनीने चाचपणं सोडलं.

नवव्या दिवशी दुपारी ताप जरा उतरला. प्रदीप खुर्चीत बसून मोसंबी सोलत होता. भोंग्यानंतरची शांतता होती.

"त्या दिवशीचं सांगा," रजनी म्हणाली.

त्याचे हात थांबले. "कोणत्या?"

"सगळं सांगा. उठलात तिथपासून."

ईश्वरी दारात आली आणि तिथेच टेकून उभी राहिली. प्रदीपने मोसंबी ताटलीत ठेवली.

"पाचला उठलो," तो म्हणाला. "तो आधीच उठला होता. चहा त्याने केला. दोन केळी खाल्ली. पाटावर पोचलो तेव्हा नीट उजाडलं नव्हतं, पण हवा रात्रभर निवलीच नव्हती."

"टोपी?"

"होती. ओली करून घातली होती."

"पाणी?"

"दोन बाटल्या. एक त्याने संपवली. दुसरी मी त्याच्या डोक्यावर ओतली नंतर." तो थांबला. "पळणं चांगलं झालं. रोजच्यापेक्षा कमी वेळ लागला. मी म्हटलं, चल घरी. तो म्हणाला, पप्पा, अजून एक. मी म्हटलं, बरं."

रजनी वाट बघत राहिली.

"मग बाभळीखाली येऊन बसला. म्हणाला, डोकं जड झालंय. पाणी ओतलं तर हसला, बूट भिजले म्हणाला. मग आडवा झाला. मला वाटलं, दमला."

"मग?"

"मग तुला माहीत आहे."

"तुम्ही त्याला पळ म्हणाला नाहीत?"

"नाही."

"तो नको म्हणाला नव्हता?"

"नाही गं. खुशीत होता."

"एवढंच?"

"एवढंच," प्रदीप म्हणाला. "तेव्हा दवाखान्यात हेच सांगत होतो."

रजनीने सगळं मनात पुन्हा एकदा पहिल्यापासून लावून पाहिलं. उठणं, चहा, टोपी, पाणी, ते 'बरं'. सात वर्षं ती धरून बसली होती की तिथे काहीतरी मोठं असणार, ज्याच्यावर बोट ठेवता येईल. तिने नीट शोधलं. एक साधी सकाळ होती आणि त्या सकाळीत मुलगा मेला होता. कुणावर टाकावं असं तिथे काही नव्हतं.

मग ती रडायला लागली. बसलेल्या आवाजामुळे तिचा आवाज फुटत नव्हता, नुसता श्वास हलत होता, म्हणून प्रदीपला कळायला वेळ लागला. तो उठला आणि पलंगाच्या कडेला बसला. ईश्वरी आत आली, आईच्या पायांशी बसली. कुणीच कुणाला गप्प केलं नाही. निहार गेल्याला सात वर्षं उलटून गेली होती, आणि त्या घरात त्याच्यासाठी तिघं एकत्र रडत होते ते पहिल्यांदाच.